व्हीएमवेअरचा व्हीसेंटर ७.० वरून ८.० वर नेताना चालू व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) बंद कराव्या लागतात का?

नाही, व्हीएम बंद करू नका. त्या ईएसएक्सआय होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरवर चालतात, व्हीसेंटर फक्त कारभार बघतो. तो बंद असेल तेवढा वेळ व्हीमोशन (चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं) आणि डीआरएस (होस्टांमध्ये भार आपोआप वाटणं) मिळणार नाही; एचए (होस्ट पडला तर व्हीएम दुसरीकडे सुरू करणं) मात्र होस्टवरच्या एजंटमुळे काम करत राहतं.

आधी व्हीसेंटर अपग्रेड करा, मगच होस्ट. हा क्रम उलटा करू नका. ८.० ला ईएसएक्सआय ६.७ आणि ७.० चालतात, ६.५ चालत नाही. एखादा तसा जुना होस्ट उरला असेल तर त्याचं मात्र आधी बघा.

इन्स्टॉलर जुन्या अप्लायन्सला (व्हीसेंटर ज्यात चालतो त्या तयार व्हीएमला) हात लावून तिथेच नवी आवृत्ती चढवत नाही. पहिल्या टप्प्यात तात्पुरत्या आयपीवर नवा अप्लायन्स उभा राहतो. दुसऱ्यात डेटा तिकडे जातो, जुना बंद होतो आणि नवा त्याचं नाव व आयपी घेतो. काही बिघडलं तर नवा बंद करून जुना सुरू करता येतो. म्हणून कळकळीने सांगतो, बॅकअपसकट सगळं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत जुना डिलीट करू नका.

घोळ बहुतेक वेळा डीएनएसचा, म्हणजे नाव आणि आयपीच्या नोंदींचा असतो. नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव, दोन्ही तपासा. अप्लायन्सच्या रूट (मुख्य ॲडमिन) पासवर्डची मुदतही बघा. सुरुवात करण्याआधी ५४८० पोर्टवरच्या पानावरून फाइल बॅकअप घ्या आणि व्हीसेंटर मध्येच दुसऱ्या होस्टवर जाऊ नये म्हणून त्या क्लस्टरचं (होस्टांच्या गटाचं) डीआरएस मॅन्युअल ठेवा.