वाचकांचे प्रश्न : वुवुझेलाचा तो आवाज

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेत झालेल्या २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने आम्ही पेठेतल्या तालमीत एकत्र बसून पाहिले. पहिल्या सामन्यापासून मोहोळ उठल्यासारखा एकच आवाज टीव्हीतून येत होता. आमच्या शाहू स्टेडियमवर गोल झाला की आरडाओरडा होतो आणि पुन्हा विरतो. तिथे तो नव्वद मिनिटे अखंड कसा टिकत होता? ती तिथली परंपरा होती की विक्रीसाठी काढलेली प्लास्टिकची पिपाणी? पुढे तिच्यावर बंदी का आली? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तो आवाज वुवुझेलाचा. दिसायला ती आपल्या जत्रेतल्या भोंग्यासारखी असली, तरी तिला पिपाणी म्हणणे बरोबर नाही. पिपाणीत पत्ती असते आणि नुसती फुंकर मारली की ती वाजते. सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीच्या या नळीत पत्ती नसते, त्यामुळे शंख किंवा तुतारी फुंकताना करतो तसे ओठ घट्ट मिटून ते थरथरवावे लागतात. त्यातून मुख्यतः एकच स्वर निघतो, हार्मोनियमच्या भाषेत साधारण काळी पाच. प्रत्येकाची फुंक थोडी निराळी असल्याने हजारो वुवुझेलांचे स्वर किंचित मागेपुढे होऊन एकमेकांवर आदळतात. एकाचा दम संपतो तेव्हा शेजारचा फुंकत असतो, म्हणून आवाज तुटत नाही आणि मोहोळाचा भास होतो.

परंपरेविषयीच्या आपल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येणार नाही. प्लास्टिकची वुवुझेला मोठ्या प्रमाणावर बनू लागली ती २००१ च्या सुमारास. मात्र त्याआधीपासून पत्र्याचे भोंगे मैदानात वाजत होते. सायकलच्या भोंग्यापासून हे वाद्य आपणच तयार केले, असा फ्रेडी माके या प्रसिद्ध पाठीराख्याचा दावा आहे, तर शेंबे या धर्मपंथाच्या मते ते मूळचे त्यांच्या उपासनेतले आहे. कुडू हरणाच्या शिंगापासून ते आले, ही कथा पर्यटकांना फार आवडते. मला ती पटत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, वर्णभेदाच्या काळात रग्बी आणि क्रिकेट प्रामुख्याने गोऱ्यांचे खेळ असताना फुटबॉल हा जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोसारख्या वस्त्यांमधल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचा खेळ होता, आणि १९३७ साली स्थापन झालेला ऑर्लँडो पायरेट्स व १९७० सालचा कायझर चीफ्स या क्लबांच्या लढतींत हा गलका वाढत गेला. ज्या सॉकर सिटी स्टेडियममध्ये विश्वचषकाचा पहिला सामना झाला, त्याच जागेवरच्या जुन्या मैदानात नेल्सन मंडेला यांनी १९९० साली सुटकेनंतर जोहान्सबर्गमधली पहिली मोठी सभा घेतली होती. अशा लोकांनी जगाला आपल्या घरी बोलावल्यावर आपला आवाज घराबाहेर ठेवावा, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

याच प्रेक्षकांच्या डोक्यावर मकारापा दिसते. ती कामगारांची साधी शिरस्त्राणे असतात. बाटली डोक्यावर बसलेला एक प्रेक्षक पाहिल्यावर आल्फ्रेड बलोई यांनी १९७९ साली ती मैदानात घालायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या प्लास्टिकला करवतीने काप देऊन, त्या पाकळ्या वर वाकवून त्यावर संघाचे चिन्ह, खेळाडूंचे चेहरे आणि रंग चढवले जाऊ लागले.

११ जून रोजी मेक्सिकोविरुद्ध ५५ व्या मिनिटाला सिफिवे त्शाबालालाने डाव्या पायाने चेंडू जाळ्यात धाडला, तेव्हा ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांनी केलेला जल्लोष आपण तालमीत ऐकलाच असेल. यजमान संघ, म्हणजे ‘बफाना बफाना’, गटातच बाद झाला. तरी लोकांनी वुवुझेला खाली ठेवल्या नाहीत, उलट घानाला ‘बाघाना बाघाना’ म्हणत आपलेसे केले.

तक्रारी मात्र खोट्या नव्हत्या. २००९ च्या कॉन्फेडरेशन्स चषकापासूनच खेळाडू सांगत होते की सहकाऱ्याची हाक ऐकू येत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये युरोपच्या फुटबॉल महासंघाने आपल्या स्पर्धांमध्ये वुवुझेलावर बंदी घातली. कारण असे दिले की तिच्यामुळे पाठीराख्यांची गाणी आणि त्यांच्या भावनांचे चढउतार झाकले जातात. युरोपातल्या मैदानांपुरते हे म्हणणे मला मान्य आहे, कारण तिथली परंपरा सामूहिक गाण्याची आहे.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा सामन्याला असाच भोंगा घेऊन जातो. कानांना धोका आहे का? – एक पालक, मडगाव

उत्तर : आहे. वुवुझेलाच्या तोंडाशी आवाज १२० डेसिबलच्या वर जातो. १०० डेसिबलचा आवाज पंधरा मिनिटांहून अधिक काळ ऐकणे सुरक्षित मानत नाहीत, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. वाजवणाऱ्यापेक्षा पुढच्या रांगेत बसलेल्याचा कान अधिक धोक्यात असतो. म्हणून कुणाच्या डोक्यामागून भोंगा वाजवायचा नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे, आणि मैदानात शिरण्यापूर्वी त्याच्या कानांत फोमचे बोळे नीट बसवावेत. सामन्यानंतर कानात गुणगुण राहिली, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.