दुहेरी ओळखक्रमांक की दुबार ओळखक्रमांक?

प्रश्न असा आलाय की डिस्कची जशीच्या तशी कॉपी काढली की दोन्हीकडच्या फाइल सिस्टिमचा (डिस्कवर फायली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा) यूयूआयडी, म्हणजे तिची ओळख पटवणारा क्रमांक, एकच राहतो आणि 'डुप्लिकेट यूयूआयडी' अशी एरर येते, तर मराठीत माहिती लिहिताना याला 'दुहेरी ओळखक्रमांक' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही चालणार, कारण अर्थच उलटा होतो. सुईत दोरा दुहेरी घेतो तेव्हा दोरा एकच असतो, पदर दोन. दुहेरी नागरिकत्व म्हणजे माणूस एक, देश दोन. दुहेरी भूमिका म्हणजे नट एक, पात्रं दोन. त्यामुळे 'दुहेरी ओळखक्रमांक' वाचणाऱ्याला वाटणार की एकाच डिस्कला दोन नंबर लागलेत, आणि इथे तर डिस्का दोन आहेत आणि नंबर एक!

मग 'डुप्लिकेट'च ठेवावं का? तर त्याचंही मराठीत दोन दिशांना तोंड आहे. डुप्लिकेट चावी म्हणजे चांगली चालणारी, कुलूप उघडणारी दुसरी चावी, पण डुप्लिकेट माल म्हणजे बनावट. इथला नंबर बनावट नाहीये, अगदी खरा आहे, फक्त तो दोघांकडे आहे. 'सामाईक' म्हणावं तर सामाईक विहिरीसारखा दोघांचा हक्क आहे असं वाटतं, तेही नको.

मला इथे 'दुबार' पटतो. फारसीत दु म्हणजे दोन आणि बार म्हणजे वेळ, म्हणजे दुसऱ्यांदा. पाऊस ओढ देतो तेव्हा दुबार पेरणी करावी लागते, मतदार यादीत दुबार नावं असतात. कुणी म्हणेल दुबार मतदारातही माणूस एकच की, खरंय, पण तिथे दुबार आलेली असते ती नोंद, आणि इथे तसाच नंबर दुबार आलाय. दुहेरी सांगतो पदर किती, दुबार सांगतो कितीदा आलं, एवढा साधा फरक आहे.

हे मी एकदा प्रत्यक्ष भोगलंय म्हणून जास्त पोटतिडकीने लिहितोय. डीडी या लिनक्समधल्या कॉपीच्या कमांडने एक जुनी डिस्क नव्यावर उतरवली, मग यूयूआयडी दाखवणारी बीएलकेआयडी ही कमांड चालवून दोन ओळी एकाखाली एक ठेवून बघितल्या, ते ८-४-४-४-१२ असे गट पाडलेले ३२ आकडे-अक्षरं, एकूण एक सारखी. हा नंबर १२८ बिटांचा असतो आणि फाइल सिस्टिम बनवताना तयार होतो, योगायोगाने दोन सारखे निघणं जवळजवळ अशक्यच. डीडी बाइट न बाइट उतरवतं, म्हणजे ती झेरॉक्स झाली, शिक्क्यासकट. नवी डिस्क आधी फॉरमॅट करून नुसत्या फायली कॉपी केल्या असत्या तर तिचा स्वतःचा नंबर आला असता, आणि त्याला मी नुसतं 'प्रत' म्हणेन, डीडीच्या कामाला 'हुबेहूब नक्कल'.

फाइल सिस्टिम एक्सएफएस प्रकारची असेल तर दुसरी डिस्क जोडायलाच (माउंट करायलाच, म्हणजे वापरासाठी उघडायलाच) साफ नकार देतं आणि ते बरंय. ईएक्सटी४ हा दुसरा प्रकार काही बोलत नाही, आणि एफएसटॅबमध्ये (मशीन कुठल्या डिस्क जोडणार त्याची यादी असलेल्या फाइलमध्ये) यूयूआयडी लिहिलेला असेल तर मशीन चालू होताना दोघांतली कुठली जोडली जाईल याची खात्री नाही, आपण मूळ समजून नकलेवर काम करत बसतो. म्हणून नक्कल काढल्यावर लगेच, डिस्क माउंट न करता, नंबर बदलावा, ईएक्सटी४ला ट्यूनटूएफएस आणि एक्सएफएसला एक्सएफएस-ॲडमिन ही कमांड, दोन्हीत मोठा यू (-U) हा पर्याय. नकलेवरूनच मशीन चालू करायचं असेल तर तिच्यावरच्या एफएसटॅबमध्ये आणि बूटलोडरमध्येही (मशीन चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्येही) नवा नंबर घालावा लागतो, हे मात्र विसरू नका.

तेव्हा एररचं मराठी मी असं करेन: 'या फाइल सिस्टिमचा ओळखक्रमांक दुबार आला आहे, जोडता येत नाही.' आणि शीर्षकात जागा कमी असेल तर नुसतं 'दुबार यूयूआयडी', ओळखक्रमांक हा शब्द आलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही, दुबारचा आहे.