वाचकांचे प्रश्न : समलैंगिकतेविषयी काय वाचावे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून दांडिया बाजारात राहते. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने दिवाळीत घरी आला असताना आपण समलिंगी असल्याचे सर्वांसमक्ष सांगितले. तेव्हापासून माझा भाऊ त्याच्याशी बोलत नाही आणि वहिनींना कोणीतरी ‘यावर इलाज करणाऱ्या’ डॉक्टरांचे नाव सुचवले आहे. मला इंग्रजी वाचनाची सवय नाही. मराठीत या विषयावर कथा-कादंबरीखेरीज काही भरवशाचे लेखन आहे का? (एक आत्या, बडोदे)

उत्तर : पुस्तकांकडे वळण्याआधी त्या डॉक्टरांविषयी सांगणे भाग आहे, कारण पुस्तक पुढच्या महिन्यात वाचले तरी चालेल, पण त्या दवाखान्याची पायरी मात्र कोणी चढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या वर्गीकरणातून वगळली आणि अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तर हा निर्णय 1973 मध्येच घेतला होता. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे ‘कल बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. वहिनींना एवढेच सांगावे, की जो आजारच नाही, त्यावर औषध देणाऱ्याच्या हाती मुलगा सोपवू नये.

आता वाचनाविषयी. बिंदुमाधव खिरे यांच्या ‘इंद्रधनू : समलैंगिकतेचे विविध रंग’ या पुस्तकापासून आपण सुरुवात करावी. खिरे स्वतः समलिंगी आहेत आणि पुण्यातील समपथिक ट्रस्ट ही संस्था त्यांनीच स्थापन केली. इतिहास, धर्म, वैद्यक आणि कायदा या चारही अंगांनी ते विषय मांडतात, आणि भाषा आपल्या-माझ्यासारख्या घरातली आहे. शिक्षिकेच्या नजरेला त्यांची मांडणी आवडेल असे वाटते. एक पथ्य मात्र पाळावे : 2018 पूर्वी छापलेल्या या विषयावरील कोणत्याही पुस्तकातील कायद्याचा भाग इतिहास म्हणून वाचावा, कारण त्यानंतर पुष्कळ बदलले आहे.

‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन (शब्दांकन वैशाली रोडे) मराठीतच प्रथम आले आणि ते वाचनीय आहे, पण भाच्याला समजून घेण्यासाठी पहिले पुस्तक म्हणून ते मी सुचवणार नाही. ते तृतीयपंथी व्यक्तीचे आयुष्य आहे. आकर्षण कोणाविषयी वाटते हा एक प्रश्न आणि आपण स्वतःला स्त्री मानतो, पुरुष मानतो की आणखी काही, हा दुसरा. आपल्या घराघरांत या दोहोंची सरमिसळ होते, आणि मग ‘माझा मुलगा आता साडी नेसणार का’ अशी भीती आईवडिलांच्या मनात बसते. आपल्या भावाच्या मौनाच्या मुळाशी हीच भीती असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही. दोन्ही पुस्तके वाचावीत, पण हा फरक पक्का झाल्यावर दुसरे हाती घ्यावे.

वाचलेले पुस्तक भाच्याला लगेच भेट म्हणून पाठवू नये. त्याला त्याच्या आयुष्याची माहिती आहे. ते भावाच्या टेबलावर ठेवता आले तर पाहावे.

प्रश्न : हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्या संस्कृतीत असे काही नव्हते, असे आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर ठामपणे सांगितले जाते. खरा इतिहास कोठे वाचावा? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : बाहेरून आले ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377. मेकॉलेच्या मसुद्यावरून तयार झालेल्या 1860 च्या भारतीय दंडसंहितेत ते घालण्यात आले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तर हिजड्यांची पोलिसांकडे नोंदवही ठेवण्याची आणि त्यांनी स्त्रीवेषात लोकांसमोर येण्यावर व नाचण्यावर बंदी घालण्याची तरतूद होती. या प्रकरणाचा अभ्यास करायचा असेल तर जेसिका हिंची या इतिहासकार स्त्रीचा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ पाहावा. भारतीय भाषांतील जुने उतारे एकत्र वाचायचे असतील, तर रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी संपादित केलेला ‘सेम-सेक्स लव्ह इन इंडिया’ (2000) हा संग्रह अद्याप उपयोगी आहे. संस्कृतापासून उर्दूपर्यंतचे पुरावे त्यात आहेत.

मात्र त्या संग्रहातून वेचलेले चार श्लोक कट्ट्यावर फेकून वाद जिंकण्याचा मोह टाळावा. कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’ची, म्हणजे स्त्री वा पुरुष या चौकटीत न बसणाऱ्यांची, चर्चा आहे हे खरे, तसेच कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात समलिंगी संबंधांना दंड सांगितला आहे हेही खरे. परंपरा एकसुरी नव्हती. शिवाय जुनेपणावरच हक्क ठरायचे असतील, तर अस्पृश्यतेचा दाखलाही काही कमी जुना नाही! शिखंडी आणि बृहन्नडा यांच्या कथा गोड आहेत, पण कोणा नागरिकाला सन्मानाने जगता यावे यासाठी महाभारताची साक्ष काढावी लागू नये, असे माझे मत आहे.

मराठी माणसाने यापेक्षा आपल्या घरचा एक प्रसंग वाचावा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक 1927 पासून त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत चालले आणि वाचकांची प्रश्नोत्तरे हा त्याचा प्राण होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला आणि कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. प्रश्नोत्तरांचे सदर चालवणाऱ्या माझ्यासारख्याला या दंडाची आठवण ठेवावीच लागते. कट्ट्यावर पुढच्या वेळी ‘पाश्चात्त्य खूळ’ हा शब्द निघाला, तर त्या दोघा मराठी माणसांचे नाव घेऊन पाहावे.

प्रश्न : मी विद्यापीठात शिकते. या विषयाचा आमच्या बडोद्याशी काही संबंध आहे का? (एक विद्यार्थिनी, फतेहगंज)

उत्तर : आहे, आणि तो आपल्याच विद्यापीठाच्या ललित कला विभागाशी आहे. भूपेन खख्खर 1962 मध्ये मुंबईहून बडोद्याला आले, तेथे कलासमीक्षा शिकले, सनदी लेखापाल म्हणून अर्धवेळ हिशेब तपासत राहिले आणि उरलेल्या वेळात त्यांनी अशी चित्रे काढली, की भारतीय चित्रकलेत समलिंगी पुरुषाचे जगणे प्रथमच उघडपणे दिसले. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे 1981 चे त्यांचे चित्र नीट पाहावे. एक नग्न पुरुष गच्चीत आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि खालच्या गावात बाप, मुलगा व गाढव यांची आपण शाळेत वाचलेली गोष्ट घडते आहे. बाप गाढवावर बसला तरी लोक नावे ठेवतात, मुलगा बसला तरी ठेवतात. ज्याच्या अंगावर कपडा नाही तो निवांतपणे हे पाहतो आहे, ही त्या चित्रातली खरी गंमत. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे आणि 2016 मध्ये तेथे भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनालाही याच चित्राचे नाव दिले होते. टिमथी हायमन यांनी त्यांच्यावर लिहिलेले पुस्तक 1998 चे आहे.

जवळच्या राजपीपळा संस्थानच्या घराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल यांनी 2006 मध्ये एका गुजराती वर्तमानपत्रातून आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले, तेव्हा घरच्यांनी त्यांच्याशी जाहीरपणे संबंध तोडले होते. त्यापूर्वीच, 2000 मध्ये, त्यांनी स्थापन केलेला लक्ष्य ट्रस्ट एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करत आला आहे. त्यांच्याविषयी छापून आलेले बरेचसे लेखन राजवाड्याच्या दिमाखातच अडकते. संस्थेच्या कामाविषयीचे वृत्तांत शोधून वाचावेत.

प्रश्न : कायद्याची स्थिती थोडक्यात सांगाल का? (एक वाचक, मांडवी)

उत्तर : दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये कलम 377 प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल केले. त्या खंडपीठातील न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा मूळचे सोलापूरचे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल फिरवला, आणि पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 सप्टेंबर 2018 रोजी असे संबंध पुन्हा गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार 2014 च्या निकालाने मान्य केला. विवाहाचा हक्क देण्यास मात्र न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी नकार दिला आणि तो प्रश्न संसदेकडे सोपवला. 2018 चे निकालपत्र 495 पानांचे असून ते न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. सगळे वाचणे झेपणार नसेल, तर न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचे स्वतंत्र मत आधी काढावे. ते सर्वांत आटोपशीर आहे, आणि या लोकांची व त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी, हे त्यांनी त्याच्या शेवटी लिहिले आहे. वरच्या प्रश्नातील आत्याबाईंच्या भावानेही ती पाने वाचावीत.