मध्यम पल्ल्याच्या धावपटूला बहर येतो कधी?

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची आहे. जिल्हा शालेय स्पर्धेत 800 मीटरला पहिली आली. 'आत्ताच दोन वेळा सराव लावा, नाहीतर वय निघून जाईल,' असं सर म्हणतात. काय करू? – एक पालक, सातारा

दोन वेळा सराव मुळीच लावू नका. 800 ते 3000 मीटरच्या या मध्यम पल्ल्यांत बहुतेकांची सर्वोत्तम वेळ विशीच्या मध्यावर किंवा त्यानंतर येते. तुमच्याच जिल्ह्यातल्या ललिता बाबर यांनी रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत 9:19.76 अशी राष्ट्रीय विक्रमी वेळ दिली, तेव्हा त्या 27 वर्षांच्या होत्या. अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या.

तेराव्या वर्षी पहिली येणारी मुलगी पुष्कळदा बरोबरीच्या मुलींपेक्षा लवकर वयात आलेली असते. पुढे बाकीच्या तिला गाठतात. शरीर बदलतं तशी वेळ वर्ष-दोन वर्षं अडकते, आणि त्याच काळात घरचे, शिक्षक 'आता काही खरं नाही' म्हणून मोकळे होतात. पोरी मैदान सोडतात त्या इथेच. याचं मला फार वाईट वाटतं. आठवड्यात तीन-चार दिवस धावू दे, उरलेल्या दिवशी खो-खो खेळू दे. जेवण पोटभर हवं. हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी सुरू झाल्यावर ती काही महिने थांबली, तर सराव कमी करून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय 24. पोलीस भरतीसाठी धावायला लागलो, 1600 मीटर 5:10 मध्ये काढतो. 1500 मीटरच्या स्पर्धांत उतरायला उशीर झाला का? – एक तरुण, बीड

वयापेक्षा सरावाची वर्षं मोजा. तुमच्या जिल्ह्यातले अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर विशीत स्टीपलचेसकडे वळले. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20 अशा वेळेत रौप्यपदक मिळवलं 27 व्या वर्षी, आणि 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91 वेळ दिली 29 व्या वर्षी.

पण खोटी आशा दाखवणार नाही. तुमचा वेग 1500 मीटरला साधारण 4:50 पडतो. भारताचा धावपटू जिन्सन जॉन्सन 2019 मध्ये बर्लिनला 3:35.24 धावला होता, म्हणजे अंतर सव्वा मिनिटाचं आहे. आधी वर्षभर संथ धावण्याचे किलोमीटर वाढवा, इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत वेगाने धावायचे टप्पे) आठवड्यातून एकदाच. नोकरीची तयारी मात्र सोडू नका.

प्रश्न : मी 27 वर्षांचा आहे. 800 मीटरची वेळ दोन वर्षं 1:52 वर अडकली आहे. बहर संपला का? – पुणे

800 मीटरचा बहर थोडा लवकर येतो, हे खरं. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने लंडन ऑलिंपिकमध्ये 1:40.91 चा विश्वविक्रम केला तेव्हा तो 23 वर्षांचा होता. ब्रिटनचा सेबॅस्टियन को 1981 मध्ये 1:41.73 धावला तेव्हा 24 वर्षांचा. या शर्यतीत साधारण एक-तृतीयांश ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीशिवाय तयार होते, त्यामुळे निव्वळ वेग कमी झाला की फटका लगेच बसतो. 1500 मीटरला तो वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. तिथे दमसास आणि कमी श्रमात धावण्याची सवय यांचं पारडं जड, आणि या गोष्टी वर्षानुवर्षं मुरतात. मोरोक्कोच्या हिशाम अल गरूजने 1500 मीटरचा विश्वविक्रम 23 व्या वर्षी केला, तरी अथेन्स ऑलिंपिकमध्ये 1500 आणि 5000 अशी दोन्ही सुवर्णपदकं जिंकली ती 29 व्या वर्षी.

तेव्हा 400 मीटरची वेळ घेऊन बघा. ती पूर्वीइतकीच असेल, तर कमी आहे तो दमसास. हा हंगाम 1500 धावा. जॉन्सनने 800 चा राष्ट्रीय विक्रम 27 व्या वर्षी केला आणि 1500 ची वर सांगितलेली वेळ दिली 28 व्या वर्षी.

प्रश्न : बाळंतपणानंतर पुन्हा पूर्वीसारखं धावता येतं का? वय 29. – नाशिक

येतं. केनियाच्या फेथ किपयेगॉनला 2018 मध्ये मुलगी झाली. त्यानंतर तिने टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरची सुवर्णपदकं जिंकली आणि विश्वविक्रम केले 29, 30 व 31 व्या वर्षी. सुरुवात मात्र चालण्याने आणि ओटीपोटाच्या व्यायामांनी करा, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. अंगावर पाजत असाल तर दोन घास जास्तच खा.