कानगोष्टी : उत्तर येत नसेल तर उत्तमच

(पॉडकास्ट करणाऱ्यांचे आणि ऐकणाऱ्यांचे प्रश्न. यावेळी टपालात क्विझ, कोडी आणि ओळखा-पाहू यांचाच पाऊस पडलाय, म्हणून बाकीचं पुढच्या अंकात.)

प्रश्न : ताई, आम्ही दोघं मित्र साताऱ्यातून गप्पांचा पॉडकास्ट करतो. हल्ली शेवटी पंधरा मिनिटांची क्विझ घालतो, एकजण विचारतो, दुसरा सांगतो. आम्हाला जाम मजा येते, पण आकडे बघितले तर क्विझ सुरू झाली की लोक सटासट निघून जातायत. प्रश्न तर चांगले अवघड काढतो. काय चुकतंय?

उत्तर : "चांगले अवघड काढतो" इथेच चुकतंय रे बाबांनो. मी तुमचे दोन भाग ऐकले, एक भांडी घासताना आणि एक रिक्षात. त्यात एक प्रश्न होता, दादासाहेब फाळक्यांचा 'लंकादहन' कोणत्या साली आला. मित्र म्हणाला १९२०, तू म्हणालास चूक, १९१७, चला पुढचा. आता मी हातात साबणाची घासणी घेऊन काय करायचं? साल माहीत असेल तर माहीत, नसेल तर नाही, विचार करायला जागाच नाही. ती परीक्षा झाली, आणि दुसऱ्याची तोंडी परीक्षा दाराबाहेर उभं राहून ऐकायला कोण थांबतं.

आता तोच सिनेमा घ्या आणि प्रश्न असा करा : १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके नावाच्या नटाने डबल रोल केला, त्या काळी सिनेमात काम करायला बायका मिळत नव्हत्या, तर त्याच्या दोन भूमिका कोणत्या? मी हे घरी जेवताना विचारून बघितलं. नवरा म्हणाला राम-लक्ष्मण असणार, भाऊ भाऊ सारखे दिसतात. मुलगी म्हणाली अरे पण ते कायम एकत्र असतात, एका फ्रेममध्ये एकच माणूस दोनदा कसा घेणार तेव्हा? मग हनुमान आणि रावण? मग दोन मिनिटं नुसता वरणभात कालवणं चालू, आणि एकदम मुलगी ओरडली, थांब, बायका मिळत नव्हत्या हे तू का सांगितलंस? सीता! राम पण तोच आणि सीता पण तोच!

हा जो "थांब" आहे ना, तो तुमच्या पॉडकास्टमधला माल. उत्तर तर गूगलवर पण आहे. क्विझवाली मंडळी याला वर्कआउट होणारा प्रश्न म्हणतात, म्हणजे पाठ नसलं तरी डोकं लावून पोचता येतं, आणि त्यासाठी लागणारी किल्ली प्रश्नातच कुठेतरी पडलेली असते. आणि उत्तर आलं की पुढच्या गप्पा आपोआप निघतात, की हेच साळुंके त्याआधी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते आणि सिनेमात यायच्या आधी मुंबईत एका हॉटेलात कामाला होते वगैरे. क्विझ हे गप्पांचं निमित्त आहे, तुम्ही गप्पा बंद करून क्विझ घेताय.

अजून एक. एडिटिंग करताना तुम्ही मधली शांतता आणि "अंऽऽ, म्हणजे, नाही नाही" सगळं कापलंय असं जाणवलं. तेच ठेवा की. ऐकणारा तेवढ्यातच स्वतःचं उत्तर ओरडतो. फक्त "आता पॉज करा आणि विचार करा" म्हणू नका, लोक स्कूटरवर असतात, हात कणकेत असतात, कोण पॉज करणार. आणि पंधरा मिनिटं कशाला, तीन प्रश्न बास.

प्रश्न : मी डोंबिवलीहून मुलाखतींचा पॉडकास्ट करते. पाहुण्यांबरोबर शेवटी रॅपिड फायर क्विझ ठेवली होती. गेल्या महिन्यात एका इतिहासाच्या प्राध्यापकांना इतिहासाचेच पाच प्रश्न विचारले, तीन चुकले. माणूस चिडला, तो भाग टाकू नका म्हणाला. आता पाहुण्यांशी खेळ खेळायचेच नाहीत का?

उत्तर : खेळा, पण त्यांच्या अंगणात नको. अमेरिकेत एनपीआर या सार्वजनिक रेडिओवर 'वेट वेट डोन्ट टेल मी' म्हणून कार्यक्रम आहे, १९९८ पासून चालू, बातम्यांवरची विनोदी क्विझ. त्यात मोठ्या पाहुण्याला बोलावतात आणि मुद्दाम त्याच्या धंद्याशी काडीचा संबंध नसलेल्या विषयावर तीन प्रश्न विचारतात, प्रत्येकाला तीन पर्याय. खेळाचं नावच 'हे माझं काम नाही' अशा अर्थाचं. दोन बरोबर आले तर बक्षीस पाहुण्याला नाहीच, कुठल्यातरी श्रोत्याला. आणि बक्षीस काय, तर बरीच वर्षं कार्ल कॅसल नावाचे जुने वृत्तनिवेदक त्या श्रोत्याच्या घरच्या आन्सरिंग मशीनवर (फोन कुणी उचलला नाही की बोलणारं यंत्र) आपल्या भारदस्त आवाजात मेसेज रेकॉर्ड करून द्यायचे. पैसे नाहीत, मिक्सर नाही. हरला तर पाहुण्याची अब्रू शाबूत, जिंकला तर तो दानशूर. काय डोकं लावलंय!

तुमच्या प्राध्यापकांना इतिहासाऐवजी, समजा, चहाच्या टपरीच्या हिशोबावर किंवा मांजरांवर प्रश्न विचारले असते तर तीनच्या तीन चुकूनही ते हसले असते.

क्विझ नकोच असेल तर बीबीसी रेडिओवर १९६७ पासून 'जस्ट अ मिनिट' चालू आहे, दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं, अडखळायचं नाही, शब्द परत वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही. आपल्याकडे यात चौथा नियम घाला, इंग्रजी शब्द नको. मी स्वतः केलं, "माझा सकाळचा प्रवास" या विषयावर सात सेकंदांत आऊट. ट्रेन म्हणाले.

प्रश्न : गाण्याचा पाच सेकंदांचा तुकडा वाजवून 'गाणं ओळखा' केलं तर कॉपीराइट लागत नाही, खरं का? (पुणे)

उत्तर : नाही. पाच सेकंद, दहा सेकंद, अशी कुठलीच सूट १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात लिहिलेली नाही, ही व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठातली बातमी आहे. परीक्षण, टीका अशा कामांसाठी वापर करायला मोकळीक आहे, पण नुसता खेळ त्यात बसेलच असं नाही, आणि प्लॅटफॉर्मचं मशीन तर काही न विचारता भाग काढून टाकतं. त्यापेक्षा गाण्यात काय घडतंय ते पोलिसांच्या पंचनाम्याच्या भाषेत सांगा. "सदर इसम पावसात विनाछत्री, झाडाभोवती तीन फेऱ्या." जास्त मजा येते आणि फुकट आहे.

प्रश्न : सौ. संपादिकाबाई यांस, स. न. वि. वि. माझा नातू बहारीनला असतो, वय वर्षे नऊ. आम्ही दोघं व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचे मेसेज पाठवून एकमेकांना कोडी घालतो. माझी सून म्हणते याचा पॉडकास्ट करा. पण माझी निम्मी कोडी त्याला सुटत नाहीत. "पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब" सांगितलं तर म्हणाला सांताक्लॉज. दुसरं असं की त्याने मला घातलेलं एक कोडं आठ दिवस झाले मला येत नाहीये, "दिवसभर हातात फिरतो, रात्री भिंतीला चिकटून जेवतो." मुंगी, पाल सगळं सांगून झालं.

उत्तर : आजी, मी संपादिका नाही, नुसतं सदर लिहिते, पण पत्र वाचून ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. सांताक्लॉजला अर्धे मार्क द्या हो. त्याने मक्याचं कणीस प्लास्टिकात सोललेलंच बघितलंय, दाढी त्याला कुठून दिसणार. "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" तसं नाही, दात आणि जीभ बहारीनलाही आहेत. "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया" यातलं सूप आणि लाह्या आधी व्हिडिओ कॉलवर दाखवा, मग चांदण्या येतील.

पॉडकास्ट जरूर करा. एक जुनी युक्ती सांगते. बीबीसीवर १९४७ पासून 'ट्वेंटी क्वेश्चन्स' नावाचा खेळ लागायचा. पॅनलने वीस प्रश्न विचारून वस्तू ओळखायची, पण घरच्या श्रोत्यांना एक गूढ आवाज आधीच उत्तर सांगून टाकायचा, पॅनलला ते ऐकू जायचं नाही. म्हणजे घरी बसलेला माणूस "अरे जवळ आलास, नको तिकडे जाऊस" करत तडफडायचा. तुम्ही तसंच करा, कोडं घालण्याआधी माइकजवळ तोंड नेऊन उत्तर कुजबुजून सांगा, आणि मग नातू पाटीलबुवांना सांताक्लॉज म्हणतो ते लोकांना ऐकू द्या. आणि त्याला हेही शिकवा की दरवेळी उरलेल्यातलं निम्मं उडेल असा प्रश्न विचारायचा, सजीव का निर्जीव, घरातलं का बाहेरचं, तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून जास्त वस्तूंमधून एक सापडू शकते. गणित त्यालाच करू दे, एकाला दोनाने वीस वेळा गुणायचं.

त्याच्या कोड्यावर आम्ही ऑफिसात चहा गार केला. माझं उत्तर मोबाइल, चार्जिंगला लावलेला. अकाउंट्समधले काका म्हणतायत टॉर्च. विचारून कळवा, पन्नास रुपयांची पैज लागलीय.