उंबर फोडले की किडे का निघतात?

प्रश्न : आमच्या परसातील उंबराचे पिकलेले कोणतेही फळ फोडले, तरी त्यात बारीक किडे आढळतात. ही कीड असेल, तर झाडावर औषध फवारावे काय?

उत्तर : फवारू नये. ज्यांना आपण कीड समजता, त्यांच्यावाचून उंबराला बीच धरणार नाही.

उंबराचे फळ म्हणजे वस्तुतः आतील बाजूस असंख्य सूक्ष्म फुले असलेली बंद पिशवी होय. (क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो खरे, परंतु ते फूल दुर्मीळ नसून केवळ झाकलेले असते.) गांधीलमाशीशी नाते असलेल्या, जेमतेम २ मिलिमीटर लांबीच्या कीटकाची मादी कोवळ्या फळाच्या टोकावरील छिद्रातून आत शिरते. ही वाट इतकी अरुंद असते, की तिचे पंख बहुधा तेथेच तुटून पडतात. आपण जन्मलो त्या उंबरातून आणलेले पराग ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. अंडे पडलेल्या फुलाची गाठ होते व ते अळीच्या पोटी जाते. परागण होऊन अंड्यावाचून राहिलेल्या फुलात बी धरते. झाड काही बिया गमावते, तेव्हा कुठे उरलेल्या त्याच्या पदरात पडतात. याला उपकार म्हणण्यापेक्षा सौदा म्हणणे अधिक योग्य ठरेल.

नव्या पिढीतील बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्यांशी संग करतात, फळाच्या सालीतून भोक पाडतात आणि मरतात. त्याच सुमारास पक्व झालेल्या नरफुलांचे पराग घेऊन माद्या त्या भोकातून उडतात. एका झाडावरील फळे साधारणतः एकाच अवस्थेत असल्यामुळे त्यांना एकदोन दिवसांच्या आयुष्यात दुसरे झाड गाठावे लागते.

या सौद्यात फुकटेही आहेत. काही जातींच्या माद्या लांब सोंडेसारखा अंडनिक्षेपक सालीतून खुपसून बाहेरूनच अंडी घालतात आणि परागण मात्र करीत नाहीत. त्यासाठी त्यांना फळावर बराच वेळ बसावे लागते, आणि पाने विणून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या त्यांना नेमके तेव्हाच पकडतात. म्हणून अशा मुंग्या असतील, तर त्यांनाही हाकलू नये.

बाजारातील पुरंदरच्या अंजिरांविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही; ती जात परागणाविनाच फळ धरते, त्यामुळे तिला या कीटकाची गरजच पडत नाही.