घरातली जुनी नाणी फ्रेम करून दिवाणखान्यात लावावीत का?

लावू नका. चिकटवून तर नकोच नको.

आमच्या आजोबांकडे निजामाचे २१ रुपये होते. परभणीकडे त्याला हाली सिक्का म्हणत, इंग्रजांचा तो कल्दार. सहा कल्दाराला सात हाली, हा हिशेब आजोबांना शेवटपर्यंत तोंडपाठ होता. नाण्यावर चारमिनार आणि त्याच्या कमानीत इवलासा ‘ऐन’, निजाम उस्मान अलीचं आद्याक्षर. वर्षानुवर्षांचा काळा थर बसल्यामुळेच तो ऐन उठून दिसायचा. उर्दूतलं मला तेवढं एकच अक्षर यायचं, तेही आजोबांनी त्या नाण्यावर बोट ठेवून शिकवलेलं.

आजोबा गेल्यावर थोरल्या भावाने लक्ष्मीपूजनाला सगळे रुपये चिंच आणि राखेने लख्ख घासले. मग लाल मखमलीवर सोल्यूशनने चिकटवून, फ्रेम करून टीव्हीच्या वर टांगले. दोन पावसाळ्यांनी मी त्यातला एक सोडवून घेतला आणि भिंगाखाली धरला. कमान गुळगुळीत, ऐन गेलेला. मागच्या बाजूला फारशीत ‘फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ हे टाकसाळीचं नाव असतं, त्यावर सोल्यूशनचा पिवळा पापुद्रा.

दादा अजून म्हणतो, “कामून कोंडून ठेवायचे? लोकांनी बघू नयेत का?” बघावेत की! पुठ्ठ्याच्या चौकटीत मायलारची (पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची) खिडकी असलेले होल्डर मिळतात, त्यात घालून अल्बम करा. दोन्ही बाजू दिसतात. मऊ पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका, तांब्यावर हिरवट चिकट थर धरतो. चांदीजवळ लोकर आणि रबर नको, काळी पडते. पैठण-तेरकडची सातवाहनांची शिशाची नाणी असतील, तर लाकडी कपाटात मुळीच ठेवू नका, लाकडातून सुटणाऱ्या आम्लाने शिशाची पांढरी भुकटी होते. आणि घासायचं काहीच नाही. घासलेलं नाणं जाणकार हातात घेताच ओळखतो आणि किंमत पाडतो.

स्टीलची अलीकडची नाणी असतील तर खुशाल फ्रेम करा, त्यात काही बिघडत नाही. शेतात, पाया खणताना सापडलेली असतील तर मात्र आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, गुप्तधनाचा १८७८चा कायदा आजही लागू आहे.

भिंत रिकामी वाटत असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो मोठे करून लावा. ऐन लांबूनही दिसेल. दादाला मी सुतार घरी यायच्या आधीच हे सांगितलं होतं. उरलेले वीस रुपये अजून त्याच्या टीव्हीवरच आहेत.